आळ आणि अळी

"ती मुलं बघ," बाकावरची बाई इंग्रजीत म्हणाली. "बिचाऱ्यांना मान वर करायचीसुद्धा परवानगी नाही."

मला तिचा चेहरा दिसला नाही, कारण मी खरोखरच मान खाली घालून चालले होते. दिसले ते बाकाखाली ठेवलेले दोघींचे पाय. एकीच्या पायात उंच टाचांच्या चपला होत्या. दुसरीचे बूट पांढरे, बंद, रबरी तळव्यांचे. आई ड्यूटीला जाताना घालते अगदी तसे.

पांढरे बूट काहीतरी पुटपुटले. मग पहिली म्हणाली, "आणि त्या धाकट्याचे तर डोळेच बांधलेत."

मी सगळं ऐकलं, मला सगळं समजलं आणि मी काही बोलले नाही. त्या वयात मला दोन भाषा कळत होत्या आणि दोन्हींतही अनोळखी माणसाशी बोलता येत नव्हतं.

गणेश चतुर्थीची संध्याकाळ होती. कुवेतमध्ये दस्मानला राहणाऱ्या एका मराठी डॉक्टरांच्या घरी दरवर्षी गणपती असायचा आणि आमच्यासारखी ओळखीची घरं आरतीला जमायची. खिडक्या लावून आरती, टाळ्या जरा दबक्या, झांजांची एकच जोडी. नंतर कागदी ताटल्यांत उकडीचे मोदक. त्या वर्षी ओला नारळ मिळाला नव्हता, सारण सुक्या खोबऱ्याचं होतं, आणि सगळ्या बायका ते किती छान झालंय असं एकमेकींना सांगत होत्या. आम्ही खाली उतरलो तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. बाबांना गाडी लावायला जवळ जागा मिळाली नव्हती, म्हणून ती समुद्राकाठच्या रस्त्यावर बरीच पुढे, पश्चिमेच्या अंगाला उभी होती. आणि नेमका त्याच बाजूला, शहरावर, चवथीचा चंद्र आला होता. गाडीपर्यंत जायचं म्हणजे थेट त्याच्या तोंडावर चालत जायचं.

चवथीचा चंद्र बघायचा नाही, हे आमच्या घरात दिवा लावल्याशिवाय जेवायचं नाही इतकं साधं होतं. कुणी समजावून सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. आई एवढंच म्हणायची, "बघितलास तर आळ येईल हं." आता हा 'आळ' शब्द मला कुठे भेटणार? मी इंग्रजी शाळेत. माझं मराठी स्वयंपाकघरातलं, गावाहून येणाऱ्या फोनवरचं. मी ऐकलं ते 'अळी येईल.' लहानपणापासून मी अशी समजूत करून घेतली होती की चवथीचा चंद्र पाहिला तर कुठूनतरी अळी येते. पेरूत असते तशी. कुठे येते, अंगावर की जेवणात, हे मला पक्कं माहीत नव्हतं, पण एका चतुर्थीनंतर मी कित्येक दिवस सफरचंद चिरूनच खाल्लं होतं. ही समजूत मी धाकट्या भावालाही दिली. तो पाच वर्षांचा होता, आणि माझ्याशी इंग्रजीतच बोलायचा. त्याच्यापुढे मी भरपूर बोलायचे.

तर त्या रस्त्याने आम्ही असे निघालो होतो: बाबांनी भावाच्या डोळ्यांवर आपला रुमाल बांधला होता, कारण त्याच्यावर कुणाचाच भरवसा नव्हता. मी आठवीत, म्हणजे समजूतदार, म्हणून माझ्या मानेवर फक्त आईचा पंजा होता. आई स्वतः साडीच्या पदराची झापड करून चालली होती. बाबा कपाळावर हात आडवा धरून, दुपारच्या उन्हात बघतात तसे. येणारेजाणारे बघत होते. भाऊ रडत होता, कारण त्याला बघायचंही होतं आणि नकोही होतं.

"आय डोन्ट वॉन्ट द वर्म!" तो ओरडत होता. "आय डोन्ट वॉन्ट द वर्म!"

बाबांनी खिशातून किल्ली काढायला त्याचा हात क्षणभर सोडला. तेवढ्यात तो दिव्याच्या खांबावर आपटला. कपाळावर टेंगूळ आलं. आई धावली, बाबा धावले, रुमाल सुटला, आणि आईने तो रुमाल पुन्हा त्याच्या डोळ्यांवर ओढला. आजही बाकावरच्या त्या दोघींच्या जागी बसून हे चित्र बघितलं की माझ्या अंगावर काटा येतो. त्यांनी जे पाहिलं ते खरंच तसं घडलं होतं. त्यांनी फक्त वर पाहिलं नव्हतं.

गाडीपाशी पोचल्यावर आई भावाला मागच्या सीटवर घेऊन थर्मासमधलं गार पाणी त्याच्या कपाळाला लावत बसली. माझ्या मानेवर आता कुणाचा हात नव्हता. मी मान वर केली.

बाबा गाडीच्या दाराशी होते. त्यांनी मला बघताना पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. ते दाराच्या मुठीकडेच बघत राहिले आणि अगदी हळू, आईला ऐकू जाणार नाही असं, म्हणाले, "कसा आहे?"

मी खांदे उडवले. मला सांगायचं होतं, पण कसं सांगायचं ते सुचेना.

"बरं. बस आत," बाबा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात आई ड्यूटीवरून आली आणि बूट न काढता सोफ्यावर बसली. आई हॉस्पिटलात नर्स होती आणि घरात बूट घालून आलेल्या माणसाला ती पाहुणा असला तरी दारात थांबवायची. म्हणून मी पुस्तक खाली ठेवलं.

"मेट्रनने बोलावलं होतं," ती बाबांना म्हणाली. "माझ्याविरुद्ध तक्रार आहे."

"कसली? इंजेक्शन चुकलं का?"

"इंजेक्शन चुकलं असतं तर परवडलं असतं. मी मुलांचा छळ करते, अशी तक्रार आहे."

हॉस्पिटलातल्याच कुणीतरी आम्हाला समुद्रावर पाहिलं होतं आणि आईला ओळखलं होतं. मुलांचे डोळे बांधून त्यांना रस्त्यावरून नेतात, मोठीची मान दाबून धरतात, लहान्याच्या कपाळाला मार आहे, त्याला किड्यांची भीती घालतात. हॉस्पिटलात समाजकल्याणाचं एक ऑफिस होतं, आजारी मुलांच्या घरची चौकशी करणारं. तिथल्या बाई गुरुवारी दुपारी आमच्या घरी येणार होत्या. त्यांचं काय मत पडेल ते मेट्रनकडे जाणार होतं, आणि आईचं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात नवं व्हायचं होतं.

घर आईच्या नोकरीवर मिळालेलं होतं. बाबा मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत टेक्निशियन, त्यांना एकट्याला तिकडे बॅचलर लोकांच्या खोल्यांत जागा मिळाली असती. कॉन्ट्रॅक्ट झालं नाही तर आई, मी आणि भाऊ चिपळूणला आणि बाबा इथे, हे आईने त्याच संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता बोलून टाकलं. आवाज न चढवता. जणू उद्या कुठली भाजी करायची ते सांगत होती. मला आमचं ते घर आवडायचं. दोन खोल्या, पिवळे पडदे, कूलरची घरघर, शुक्रवारी बाबा बनियनवर बसून पेपर वाचतात ती खुर्ची. आपण इथे सुखात आहोत असं मी तेव्हा कधी म्हटलं नसतं. पण ते जाणार म्हटल्यावर मी पडद्यांकडे बघत बसले.

"आळ," आई म्हणाली. "आला की नाही आळ? मी सांगत होते."

"कुठली अळी?" मी विचारलं. खरं तर मी इंग्रजीत विचारलं, "व्हॉट वर्म?"

आईने माझ्याकडे पाहिलं. बाबांनी पाहिलं. मग बाबा हसायला लागले आणि त्यांना थांबता येईना. आई आधी चिडली, मग तिलाही हसू आलं, आणि तिने निवडलेले तांदूळ आणि न निवडलेले तांदूळ एकत्र झाले.

"अगं, आळ," बाबा डोळे पुसत म्हणाले. "आळ म्हणजे न केलेल्या गोष्टीचा दोष. चोरी नाही केली तरी लोक म्हणतात, केली. देवसुद्धा सुटला नाही त्यातून, त्याच्यावर मणी चोरल्याचा आळ आला होता. म्हणून चवथीचा चंद्र बघायचा नाही."

मला तो शब्द फार आवडला. इंग्रजीत त्याला 'फॉल्स अॅक्युझेशन' म्हणतात, जीभ दमते. मराठीला दोन अक्षरं पुरतात. त्या संध्याकाळपासून आमच्या घरात 'अळी आली का?' असं म्हणून बाबा दारावरची बेल वाजली की आम्हाला हसवायचे. भावाला मात्र हे पटलं नाही. त्याच्या मते अळी ती अळीच.

आईची चौकशी वेगळीच चालू होती. "चंद्र कुणीतरी पाहिला," ती म्हणायची. "पाहिल्याशिवाय आळ येत नाही. अहो, तुम्ही पाहिलात?"

"मी? मी रस्ता बघत होतो. खड्डे असतात."

"कुवेतच्या रस्त्यात खड्डे?"

"असेल एखादा."

"ह्याचे डोळे बांधलेले. मी पदर सोडला नाही. हिची मान माझ्या हातात. मग कोण?"

बाबा माझ्याकडे न बघता पेपर उलटायचे. मीही त्यांच्याकडे बघत नव्हते.

खालच्या मजल्यावर चाची राहायच्या. दाभोळकडच्या कोकणी मुसलमान. आईचं माहेर खाडीच्या अलीकडे, चाचींचं पलीकडे. चाचांचं आमच्याच गल्लीत बकाला होतं, म्हणजे किराण्याचं छोटं दुकान, आणि वफ्राच्या शेतांवरून काकडी-टोमॅटो आले की चाचींच्या हातून आमच्याकडे एक पिशवी यायची. त्या दिवशी पिशवी ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "काय झालं गो वैनी, तोंड का असं पाडलंयस?"

आईने सगळं सांगितलं. चाचींच्या बोलण्यात ळ नसायचा, त्यामुळे त्यांच्या तोंडी आमच्या आळाचा 'आल' झाला. म्हणजे आता घरात अळी होती, आळ होता आणि आल होता.

"आमी चांद बगायला गच्चीवर चडतो," चाची म्हणाल्या, "आनि तुमी चांद बगू नये म्हनून पोरांचे डोले बांदता. तुमाला बगून आल, आमाला बगून शिरखुर्मा. चांद बिचारा एकच, त्यानं करायचं काय?"

"तेच तर," बाबा म्हणाले. त्यांचं हसू गेलं होतं. "चाची, ती बाई येणार. ती काय आपल्याकडची असणार आहे? तिचा रोजा चंद्रकोर बघून सुरू होतो, ईद चंद्रकोर बघून होते. तिला कसं सांगायचं की त्याच कोरीला आम्ही वर्षातून एकदा तोंड लपवतो? तिला अपमान नाही वाटणार?"

"मला वाटला?"

"तुम्ही घरच्या."

"मंग तिला घरची करा. खरं सांगा नि लाडू द्या."

पण आईला ते धाडस होईना. परक्या देशात राहतो, तिथल्या लोकांच्या डोक्यावरच्या चंद्राला नावं ठेवल्यासारखं होईल, असं तिला वाटत होतं. शेवटी तिनेच तोड काढली. "मुलांचे डोळे आले होते, असं सांगायचं. डोळे आले की उजेड सोसत नाही. म्हणून बांधले, म्हणून मान खाली."

बाबांनी लगेच सराव केला. "मॅडम, चिल्ड्रन्स आईज हॅड कम."

"कुठून आले विचारतील," आई म्हणाली.

मी त्यांना खरा शब्द सांगितला, कंजंक्टिव्हायटिस. बाबांनी तो दाढी करताना म्हणून पाहिला, गाडी पुसताना म्हणून पाहिला. रिफायनरीतल्या प्रत्येक व्हॉल्व्हचं नाव त्यांना तोंडपाठ होतं, पण हा शब्द प्रत्येक वेळी मध्येच कुठेतरी गळायचा.

गुरुवारी दुपारी बाई आल्या. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या होत्या, आईपेक्षा वयाने थोड्या मोठ्या, करडा स्कर्ट, डोक्याला रुमाल, काळे चपटे बूट. उन्हातून आल्या होत्या आणि बुटांवर धूळ होती. त्यांचं इंग्रजी सावकाश, एकेक शब्द नीट ठेवल्यासारखं होतं. आईने सरबत दिलं, ते त्यांनी घेतलं. बेसनाचे लाडू पुढे केले, तेव्हा हात छातीवर ठेवून नको म्हणाल्या. आधी काम.

त्यांनी भावाला जवळ बोलावलं आणि त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. आई रोज तिथे हळद लावत होती. टेंगूळ उतरताना पिवळं पडलं होतं, वर हळदीचा पिवळा. दोन्ही एकमेकांत असे मिसळले होते की मार नेमका केवढा, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

"हे कसं झालं?"

"खांबावर आपटला," बाबा म्हणाले.

"त्याला खांब का दिसला नाही?"

बाबांनी श्वास घेतला, शब्द सुरू केला आणि तो 'कंजंक' पाशी थांबला. आईने पुरा केला. दोघांनाही होता का, बाईंनी विचारलं. हो, आई म्हणाली.

"तुम्ही नर्स आहात. ड्रॉप्स कुठल्या क्लिनिकने दिले?"

घरात एखादी थाप मारणं आईला जमलं असतं, पण हॉस्पिटलच्या, औषधाच्या बाबतीत ती कधीच खोटं बोलू शकत नव्हती. तिने साडीचा काठ बोटांत धरला आणि नुसती बसून राहिली. बाईंनी ते पाहिलं. त्यांचा चेहरा कडक झाला नाही, पण बंद झाला.

मग त्या भावाकडे वळल्या. "तू सांग. तुझे डोळे का बांधले होते?"

"अळीसाठी," भाऊ आनंदाने इंग्रजीत म्हणाला. इतके दिवस त्याला हे कुणी नीट विचारलं नव्हतं. "वर बघितलं की अळी येते. मग लोक म्हणतात, तू चोर. मग पोलीस पकडतात."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"दीदीने. आईपण म्हणते."

बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. कूलर घरघरत होता. बाबा त्यांच्या त्या खुर्चीच्या अगदी टोकाला बसले होते, पाहुण्यासारखे. मला एकदम वाटलं की ते आताच त्या बॅचलर खोलीत जाऊन बसले आहेत.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आणि तू? तू काही बोलली नाहीस."

मी त्यांच्या बुटांकडे बघत होते. मला समुद्रावरचे ते पांढरे बूट आठवत होते. तेव्हा मी तीन शब्द बोलले असते, नुसतं 'इट्स द मून' म्हटलं असतं, तरी त्या दोघी कदाचित वर बघून हसल्या असत्या. मी बुटांवरची नजर उचलून त्यांच्या चेहऱ्यावर नेली. त्यालाच जास्त वेळ लागला. नंतरचं तितकं अवघड नव्हतं.

"अळी नाही," मी म्हटलं. "ती माझी चूक आहे. शब्द दुसरा आहे, मला नीट ऐकू आला नव्हता. ती चंद्राची गोष्ट आहे."

"कुठला चंद्र?"

"बारीक. हिलाल." हा शब्द मला चाचींमुळे माहीत होता. बाबांनी डोळे मिटून घेतले. "वर्षातून एकच रात्र आम्ही तो बघत नाही. बघितला तर लोक आपल्यावर न केलेल्या गोष्टीचा दोष ठेवतात, असं म्हणतात. आमची गाडी चंद्राच्या बाजूला होती. चालताना चुकून दिसू नये म्हणून भावाचे डोळे बांधले. शिक्षा म्हणून नाही. आईबाबांनीसुद्धा आपले डोळे झाकले होते. फक्त ते दुसऱ्या कुणी बांधले नव्हते, म्हणून ते वाईट दिसलं नसेल."

मी इतकं सलग कधी बोलले नव्हते. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबले नाही.

"आणि मी पाहिला तो. गाडीपाशी. मान वर केली आणि पाहिला. बाबांनी मला बघताना पाहिलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी मला विचारलं, कसा आहे."

आईने मान वळवून बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे बघत होते.

बाईंनी चष्मा पुन्हा घातला आणि त्या म्हणाल्या, "म्हणजे तू चंद्र पाहिलास, आणि आठवड्याच्या आत तुमच्यावर तक्रार आली."

"हो."

"मग खरंच आहे की ते," बाई म्हणाल्या.

आणि त्या हसल्या. आधी नुसत्या नाकातून, मग मोकळ्या. आईला आधी कळेना हसावं की नाही. बाईंनी उजवा हात पुढे करून अंगठ्याच्या बाजूला एक बारीक चामखीळ आम्हाला दाखवली. त्यांच्या गावी उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपायचे आणि आजी तारे मोजू द्यायची नाही. बोट करून तारे मोजले की बोटाला चामखीळ येते. त्यांनी मोजले. "आजी म्हणाली, घे आता. अजून आहे. मी शिकले, नोकरी करते, आणि माझ्या मुलांना अजून तारे मोजू देत नाही."

"अपमान नाही ना वाटला?" बाबांनी विचारलं. मला ते इंग्रजीत सांगावं लागलं.

"चंद्राला?" बाई म्हणाल्या. "त्याला काय, तो मोठा आहे." मग त्यांनी स्वतःहून लाडू उचलला. "मी मेट्रनला सांगीन की या घरातल्या मुलांना मान वर करता येते. पण पुढच्या वर्षी," त्या बाबांकडे बघून म्हणाल्या, "गाडी दुसऱ्या बाजूला लावा."

निघताना आईने त्यांना लाडवांचा डबा बांधून दिला. खाली चाची जिन्यात उभ्याच होत्या, बऱ्याच वेळापासून असाव्यात. त्यांनी बाईंना अरबीत काहीतरी विचारलं, बाईंनी उत्तर दिलं, आणि दोघी मिळून हसल्याचा आवाज वरपर्यंत आला. भावाने मला विचारलं, अळी गेली का. मी म्हटलं, जिन्यातून गेली.

दार लावल्यावर बाबांनी पेपर उघडला आणि ते मागे, खुर्चीच्या पाठीला टेकून बसले. मी रिकामे ग्लास उचलून आत नेले. आता आई विचारणार, हे मला माहीत होतं. तू पाहिलासच का. इतके दिवस मी विचारत होते तेव्हा बोलली का नाहीस. उत्तरं मी मनात इंग्रजीत जुळवत होते, कारण आईशी वाद घालायचा असला की मी नेहमी इंग्रजीच वापरायचे.

आई मोरीपाशी पाठमोरी उभी होती. तिने नळ सोडला, एक ग्लास विसळला, पालथा घातला. दुसरा घेतला. मग नळ बंद केला.

"मी जन्मात पाहिलेला नाही तो," ती म्हणाली. "माझ्या आईनेही नाही. कसा होता गं?"

बाहेर बाबांच्या पेपरची सळसळ थांबली.

मी सांगितलं, मराठीत, बाहेरच्या खोलीतही ऐकू जाईल अशा आवाजात:

"कलिंगडाच्या फोडीसारखा. धुळीतून लाल लाल दिसत होता. फक्त बिया नव्हत्या. आणि आई, अळी पण नव्हती."